आधी तुमच्या मायच्या घरी

माझ्या टेबलावर आठ पानांचा एक छापील फॉर्म आहे. सात पानं भरलेली आहेत. अक्षर माझं, उत्तरं मायची. आठव्या पानावर एकच प्रश्न उरला आहे: ‘या यंत्रावर आपला विश्वास बसण्यास किती काळ लागला?’ त्याखाली चार चौकोन. एक आठवडा, एक महिना, तीन महिने, विश्वास बसला नाही. तो प्रश्न मी वाचून दाखवला तेव्हा माय म्हणाली होती, “हे राहू दे. मंग सांगीन.”

मायला जाऊन चार महिने झाले. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथल्याच अभियांत्रिकीच्या एका सरांचा हा फॉर्म. त्यांनी तो एकदाही परत मागितलेला नाही. पुस्तक परत करायला येतात, काउंटरवर ठेवतात, दोन क्षण थांबतात आणि जातात. मीच हळूहळू लिहिते आहे. फॉर्मच्या आधी हे.

माय नर्स होती. नोकरीचा बहुतेक काळ तिनं धारणीपलीकडच्या उपकेंद्रांमध्ये काढला. निवृत्त झाल्यावर तिनं अकोल्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढे ओटा, ओट्याला लागून खिडकी, खिडकीशी तिचा पलंग. शेवटच्या तीन वर्षांत तिची फुप्फुसं आखडत गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. खोलीतलीच हवा आत ओढून त्यातला ऑक्सिजन नाकातल्या नळीनं देणारं हे मशीन दिवसाचे बहुतेक तास चालू ठेवावं लागे, आणि चाले ते विजेवर.

अकोल्यात वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात. एप्रिल लागला, ऊन पंचेचाळीसच्या पुढे सरकलं, की लाइन जायची ती दुपारीच, आणि एखादं वादळ झालं तर तीन-चार तासांसाठी. घरात इन्व्हर्टर होता. तो ते मशीन चाळीस मिनिटं ओढायचा आणि मग केकाटायचा. त्यानंतर कोपऱ्यातलं छोटं ऑक्सिजनचं सिलिंडर. त्याची चावी फिरवायची ताकद मायच्या मनगटात उरली नव्हती. शेजारच्या काकांना हाक मारावी लागे. ते एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. हाक ऐकली की चप्पल न घालता यायचे. पण तेही कधी बाहेर असणारच.

मी अडीच तासांवर अमरावतीला. मी म्हणायची, माझ्याकडे चल. ती म्हणायची, “तुयाकडे मी पावनी. इथी मी मालकीन.” शेवटी आमच्यात एक ठराव झाला. मे लागायच्या आत लाइन जाण्यावर काही पक्का उपाय झाला नाही, तर ती घराला कुलूप लावून माझ्याकडे येईल. तिनं शब्द दिला, पण त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. ते कुलूप एकदा लागलं तर पुन्हा उघडणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात हे सर ग्रंथालयात आले. त्यांच्या विभागात फ्युएल सेलच्या काही पेट्या चाचणीसाठी आल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं: बाहेर हायड्रोजनची टाकी, पेटीत हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, वीज तयार होते, मागे उरतं फक्त पाणी. जाळ नाही, धूर नाही, जनरेटरसारखा धडधडाट नाही. लाइन गेली की आपोआप सुरू. एका टाकीवर मायचं मशीन जवळजवळ पूर्ण दिवस चाललं असतं. यंत्र तयार आहे, सर म्हणाले, पण ते घरात ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. हायड्रोजन म्हटलं की लोकांना बॉम्बच आठवतो.

मी मायविषयी सांगितलं. रविवारी ते माझ्याबरोबर अकोल्याला आले.

मायनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं. चहा दिला. मग विचारलं, “सर, तुमची माय कुठी रायते?”

“परतवाड्याला.”

“तिच्या घरी लाइन जात नाई काय?”

“जाते ना.”

“मग तिच्या घरी बसोलं काय हे?”

सर हसले. माय हसली नाही. सरांनी कप खाली ठेवला. “नाही बसवलं,” ते म्हणाले.

“मग आधी तुमच्या मायच्या घरी बसवा. मंग मायाकडे या.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांची माफी मागत होते. पण माफी मागता मागताच मला माझा डावा दंड आठवला.

मी लहान असताना माझ्या लसी कधी दवाखान्यात टोचल्या गेल्या नाहीत. प्रत्येक लस तिच्या ठरल्या वेळीच मिळाली, पण कुठल्यातरी गावात, सगळ्यांसमोर. माय बर्फाचा डबा घेऊन जीपमधून उतरायची, मागे मी. गावातल्या बाया आपापली पोरं घेऊन दाराआड उभ्या असायच्या. एकही पुढे यायची नाही. माय भाषण करायची नाही. ती झाडाखाली बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि सगळ्यांच्या देखत माझ्या दंडात सुई घालायची. मग मला त्यांच्यासमोर खेळायला सोडायची. बाया बघत राहायच्या, हे पोरगं पडतं का, पिवळं होतं का. तासाभरानं एखादी पुढे यायची. मग दुसरी.

पाच वर्षांची असताना मी त्या झाडाखाली रडले होते. दहा वर्षांची असताना नाही रडले, पण मनात राग धरला. मला वाटायचं, माझा दंड म्हणजे हिचा नमुना आहे, कापडाच्या दुकानात टांगलेल्या तुकड्यासारखा. तो राग बरीच वर्षं टिकला. त्या बसमध्ये मात्र मी सरांना हे सगळं सांगत होते आणि माझ्या आवाजात राग नव्हता. ऐकणाऱ्याला तर तो फुशारकीचाच आवाज वाटला असेल.

सर म्हणाले, “बरोबर विचारलं त्यांनी.”

त्यांनी पेटी खरंच परतवाड्याला नेली. पंधरा दिवसांनी, एप्रिल संपत आलेला असताना, मी अकोल्यात होते आणि मायचा फोन वाजला. तिनं तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

“नर्सबाई बोलतात काय? मी सरांची माय बोलून राहिली, परतवाड्याहून.”

“बोला बाई, बोला.”

“तुमी माया पोराले काय सांगतलं वो? ते भलकसं धूड आनून ठेवलं ना मायाकडे.”

“मग? कसं हाय धूड?”

“मशीन चांगलं हाय. दोनदा लाइन गेली, फ्रिज चालू, कूलर चालू. पयल्या दिवशी मी घाबरून मागच्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी म्हनलं, पोरगा त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसून राहिला, मले काय होते? मीबी बसली.”

“पोरगा तिथीच होता?”

“आठ दिवस! सुट्टी टाकून! लगन झाल्यापासून एवढा राह्यला नोता. मशीनचं राहू द्या बाई, त्याच्यासाठीच तुमचे उपकार.”

दोघी हसल्या. मायला हसताना धाप लागली, नळी नीट करावी लागली. मग ती गंभीर झाली. “खरं सांगा बाई. तुमी ठेवून घ्याल काय हे घरी?”

“ठेवीन,” परतवाड्याची माय म्हणाली. “फक्त त्यावर कपडे वाळत घालू देत नाई तो, तेवढंच.”

फोन ठेवल्यावर मायनं मला सांगितलं, “सरले म्हना, आना.”

पेटी आली त्या दिवशी शेजारचे काका नारळ आणि कुंकू घेऊन हजर झाले. मायनं पलंगावरूनच हात वर केला. “भाऊ, आमच्यात नारळ नाई फोडत. आमच्यात मेनबत्ती लावतात, अन् ती इथी लावली तं सर पळून जातील.”

मेणबत्ती अडवायला सर खरोखरच दोन पावलं पुढे आले होते. सगळ्यांना हसू फुटलं. नारळ काकांनी परत नेला आणि त्याची चटणी करून पाठवली.

पेटी ओट्याच्या टोकाला, टाकी तिच्यापलीकडे जाळीच्या पिंजऱ्यात. पाण्याची बारीक नळी खाली, तिच्या तोंडाशी पाणी साठायला एक गडवा. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र कोपऱ्यातच राहिलं. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. काकांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी ते काळजीच्या चेहऱ्यानं आले. मी तेव्हा तिथेच होते.

“सिस्टर, तुमी हे नीट वाचलं काय? हे मशीन हवेतला ऑक्सिजन खाते. अन् तुमालेच तं ऑक्सिजन पायजे! हे तुमच्या तोंडचं खाऊन राहिलं ना!”

मी हसले, पण मायच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले. तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. ज्याला श्वास मोजून घ्यावा लागतो, त्याला असं बोलणं विनोद वाटत नाही. मी सरांना फोन लावला. त्यांनी हिशेब करून सांगितलं: तुमच्या मशीनपुरती वीज करताना पेटीला साधारण पाच माणसांइतकी हवा लागते. म्हणजे ओट्यावर पाच माणसं बसली असं समजा.

माय काकांना म्हणाली, “मग बसू दे. पाच पावने ओट्यावर बसले तं आपन काय दार लावून घेतो?”

काकांचं समाधान झालं. ते स्वतःच सहावे पाहुणे म्हणून पेटीशेजारी बसले.

खरी परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी झाली, आणि त्यात आम्ही दोघी नापास झालो. भर दुपारी लाइन गेली. मायचं मशीन थांबलं नाही. पण ते इन्व्हर्टरवरही थांबत नसेच. पहिली चाळीस मिनिटं सगळं ठीकच असायचं. पेटी आवाज करत नव्हती. आमचे कान जनरेटरच्या धडधडीला सरावलेले. ज्याचा आवाज नाही ते बंद, एवढंच आम्हाला ठाऊक. माय घड्याळाकडे बघत होती. अर्धा तास झाला. ती म्हणाली, “पाय बरं, चालू हाय काय?”

मी ओट्यावर गेले. पेटीवर हिरवा दिवा असतो, तो लागला की पेटी चालू. पण त्या उन्हात मला काही दिसेना. हाताची सावली धरली, पदराची धरली. एकदा हिरवं वाटलं, एकदा नाही. पेटीच्या जाळीतून हवा येते का, हे हात धरून बघायचं मला सुचलं नाही. मला भीती वाटत होती. मी आत आले आणि म्हणाले, “नाही दिसत.”

“सिलिंडर लाव,” माय म्हणाली.

मी दोन्ही हातांनी चावी फिरवली आणि नळी बदलली. पुढचा दीड तास माय सिलिंडरचा ऑक्सिजन घेत राहिली. शेजारी तिचं मशीन चालूच होतं, कुणासाठीच नाही. चाळीस मिनिटं होऊन गेली तरी इन्व्हर्टर केकाटला नाही, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. तरीही नळी परत बदलायचं धाडस दोघींनाही झालं नाही. लाइन आली आणि पाच मिनिटांत सरांचा फोन. पेटीची नोंद त्यांना तिकडे दिसत असे. “अहो, पूर्ण दोन तास चालली! एकदाही अडखळली नाही!”

फोन ठेवून मी ओट्यावर गेले. गडव्यात पेलाभर पाणी साठलं होतं.

त्या आठवड्याच्या पानावर प्रश्न होता: ‘यंत्राने अपेक्षेप्रमाणे काम केले का?’ मी ‘होय’वर खूण करणार, तोच माय म्हणाली, “खाली लिही. यंत्रानं केलं. आमी नाई केलं.”

मी लिहिलं, ‘वापरकर्त्यास सुरुवातीस थोडी अडचण आली.’

“काय लिहिलं? वाच.”

वाचलं.

“हे कोन बोललं? मी? खोड ते. माये शब्द लिही. सर शिकलेले हायेत, त्याईले समजते.”

मी खोडलं. त्या पानावर ती खोडलेली ओळ अजून आहे, आणि तिच्याखाली मायचे पाच शब्द.

मग तिनं मला कपाटातून गॉजचं बंडल काढायला सांगितलं. वीतभर पट्टी कापली, कडा दुमडली. “ज्या बाजूनं याची हवा बाहेर येते, त्या जाळीले बांध.” मी बांधली. ती म्हणाली, “अशी नाई, सुटते.” तिला धरून ओट्यापर्यंत नेलं, नळी खिडकीतून ओढून घेतली. तिनं स्वतः बांधली, बँडेजला मारतात तशी सपाट गाठ. परत पलंगावर येऊन धाप ओसरेपर्यंत बराच वेळ गेला.

तीन दिवसांनी लाइन गेली तेव्हा मी अमरावतीत होते. मायचा फोन आला. “पट्टी उडून राहिली,” एवढंच म्हणाली. मी काउंटरमागे उभी होते. पलीकडून तिच्या मशीनचा घरघराट स्पष्ट ऐकू येत होता. दहा मिनिटांनी परत फोन. “अजून उडून राहिली.” त्या दुपारी तिनं मला सात वेळा फोन केला. आठव्यांदा मीच केला, तर उचलायला उशीर झाला. तिला झोप लागली होती. लाइन गेलेली असताना माय झोपली, असं गेल्या तीन वर्षांत कधीच झालं नव्हतं.

पुढच्या भेटीत सरांनी ती पट्टी पाहिली. आधी हसले, मग फोटो काढला, मग ओट्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, दिव्यासाठी आम्ही चार बैठका घेतल्या होत्या. रंग कोणता, लुकलुकता की स्थिर. वऱ्हाडातल्या दुपारी दिवा दिसेल का, हे कुणीच विचारलं नाही. माय म्हणाली, “तुमी एसीत बसून केलं असन.” सर म्हणाले, “हो.” महिनाभरात त्यांच्या चाचणीतल्या प्रत्येक पेटीला गॉजची पट्टी लागली. मला ते सरांकडून नाही, मायकडूनच कळलं. ते तिनं काकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि नळी ओढत जाऊन दारावरच्या भाजीवालीलाही सांगितलं. काकांनी तर गल्लीत पेटी बघायला येणाऱ्यांना रांगेत उभं करायला सुरुवात केली. फक्त तिकीट फाडायचं तेवढं बाकी होतं.

मे गेला, जून गेला. कुलूप लागलं नाही. माय तिच्या घरात मालकीण राहिली.

श्रावणात एका सकाळी ती गेली. त्या वेळी लाइन होती, मशीन चालू होतं, खिडकी उघडी होती. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की फुप्फुसांत आता काही उरलं नाही. पेटीचा त्यात संबंध नव्हता. काकांनी मात्र सगळे येऊन गेल्यावर ओट्यावर जाऊन पट्टी एकदा हातात धरून बघितली.

गेल्या महिन्यात सरांचा निरोप आला की मायची पेटी आता धारणीपलीकडच्या एका उपकेंद्रात, लसींच्या फ्रिजसाठी बसवणार आहेत. मी येते म्हणाले. परतवाड्यापासून पुढे घाट, मग खडबडीत रस्ता. याच रस्त्यावर मी पोटाशी बर्फाचा डबा धरून बसत असे. उपकेंद्रातली नर्स माझ्यापेक्षा बरीच लहान, कामात गुंतलेली. पेटीभोवती तिनं एक चक्कर मारली. मळकी पट्टी दिसली तशी थांबली.

“हे काहून बांधलं?”

सरांनी सांगितलं: उन्हात दिवा दिसत नाही, पट्टी उडाली की चालू समजायचं.

“आधी कोनाकडे होतं हे? का मायावरच पयला प्रयोग?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “माझ्या मायकडे होतं. ती तुमच्यासारखीच नर्स होती, इकडेच. तिचा श्वास यावर होता.”

“आता?”

“आता ती नाही. पण यानं नाही गेली. यानं उन्हाळा काढून दिला.”

ती आत गेली, कात्री आणि गॉज घेऊन आली. मळकी पट्टी कापून माझ्या हातात दिली आणि त्याच जागी नवी बांधली. गाठ तीच, सपाट. नर्सना एकाच तऱ्हेनं शिकवतात. “चला, सरका बाजूला,” ती म्हणाली, “फ्रिज लावू द्या. उद्या माया कॅम्प हाय.”

जुनी पट्टी फॉर्मच्या सातव्या आणि आठव्या पानामध्ये ठेवली आहे. चार चौकोनांपैकी एकावरही मी खूण केलेली नाही. माय असती तर तिनंही केली नसती. तिचे शब्द आता मला विचारता येत नाहीत; पण त्या दिवशी मी खोलीत होते, फोन स्पीकरवर होता, आणि ती “आना” म्हणाली ते मी ऐकलं आहे. म्हणून चौकोनांच्या खाली मी एवढंच लिहिलं: ‘परतवाड्याहून फोन आला, त्या दिवशी.’ उद्या सर पुस्तक परत करायला आले की फॉर्म त्यांच्या हातात देईन.